नवी आज्ञावली आणि जुने यंत्र

मोबाइलच्या पडद्यावर ‘नवे अपडेट आले आहे’ अशी सूचना झळकली की घरोघरी दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी बोट टेकवून मोकळी होतात. वडीलधारी माणसे मात्र ‘बरे चालले आहे, उगीच हात लावू नका’ असे म्हणून फोन दूर सरकवतात. दोन्ही पक्षांपाशी आपापला अनुभव असतो. रात्री फोन चार्जिंगला लावून निजावे आणि सकाळी उठून पाहावे, तो पडदा नव्या थाटाचा, अक्षरे नव्या वळणाची, आणि एरवी चटकन उघडणारे ॲप मात्र, दार ठोठावल्यावर आतून नुसतेच ‘आलो, आलो’ म्हणत राहणाऱ्या माणसासारखे रेंगाळणारे! काही ॲपे तर उघडतात न उघडतात तोच मिटतात. मग चार माणसे जमली की कोणीतरी ठामपणे सांगतो, ‘अहो, ह्या कंपन्या मुद्दामच जुने फोन मंद करतात. त्याशिवाय आपण नवा कशाला घेऊ?’ आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य वर्षातून दोनदा तरी ऐकू येते, आणि ते ऐकून कोणी चकित होत नाही.

ह्या शंकेत तथ्य किती, हे आज पाहावयाचे आहे. ती निव्वळ संशयी मनाचा खेळ आहे असे म्हणता येत नाही, कारण एका मोठ्या प्रकरणात ती अंशतः खरी ठरली आणि त्यापायी इटली, फ्रान्स व अमेरिका ह्या देशांत कोट्यवधींच्या रकमा मोजाव्या लागल्या. तथापि लोक जशी समजतात तशी ती खरी ठरली नाही. खरी ठरली ती वेगळ्याच वळणाने, आणि ते वळणच समजून घेण्यासारखे आहे.

त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी रोजच्या, साध्या कारणांचा निकाल लावू. स्मार्टफोन म्हणजे एक यंत्र आणि ते यंत्र चालवणारी एक आज्ञावली. मोठे अपडेट येते तेव्हा ही आज्ञावली मुळापासून बदलते. ती नव्याने बसली की फोन लगेच रिकामा होत नाही. त्याच्या पोटात कामे चालूच असतात. साठवलेली छायाचित्रे पुन्हा तपासून त्यांची सूची करणे, शोधाची अनुक्रमणिका नव्याने रचणे, प्रत्येक ॲप नव्या प्रणालीला जुळवून घेणे, ही कामे तासन्‌तास, कधी एखाददुसरा दिवसही चालतात. घर बदलल्यावर पहिले दोन दिवस कोणत्याही घरात वेळेवर चहा मिळत नाही, तसाच हा प्रकार. पहिल्या दिवशी मंदावलेला आणि तापलेला फोन तिसऱ्या दिवशी पूर्ववत झाला, तर समजावे की त्याची मांडामांड संपली.

दुसरे कारण जागेचे. फोनमधील साठवणीत नवे काही लिहावयाचे तर आधीचे पुसून जागा करावी लागते, आणि हे पुसणे लिहिण्यापेक्षा सावकाश चालते. पाटी कोरी असेल तर मूल भराभर लिहिते. पाटी काठोकाठ भरली असेल तर कोपरा शोधा, पुसा, मग लिहा. सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी आणि लग्नाच्या चित्रफितींनी ज्यांचे फोन ओसंडत असतात, त्यांनी मंदपणाचा सगळा दोष नव्या आज्ञावलीवर टाकू नये. नव्या आज्ञावलीला स्वतःलाही अधिक जागा लागतेच, आणि भरलेल्या पाटीत ती भर पडते.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे त्या वर्षीचे नवे यंत्र असते. त्याची गती अधिक, स्मरणशक्ती अधिक. त्या बेताने नवनवी कामे वाढवली जातात आणि तीच आज्ञावली चार वर्षांपूर्वीच्या यंत्रावर लादली जाते. यात कपट असतेच असे नाही, पण बेफिकिरी खास असते. मनावर घेतले तर ती टाळता येते, याचा पुरावा २०१८ च्या सप्टेंबरात मिळाला. ॲपल कंपनीने त्या महिन्यात काढलेली आयओएस १२ ही प्रणाली जुन्या फोनांना अधिक चपळ करण्याच्या हेतूनेच बांधली होती आणि ती २०१३ सालच्या आयफोन ५ एसवरही चालत असे. आयफोन ६ प्लसवर ॲपे ४० टक्क्यांपर्यंत आणि कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत लवकर उघडतो, असा कंपनीचा दावा होता. आकडे कंपनीचेच आहेत, म्हणून थोडी सूट धरावी. परंतु नवी आज्ञावली म्हणजे जुन्या यंत्राला भारच, हा काही सृष्टीचा नियम नव्हे एवढे त्यावरून कळते. ॲपलला ही सद्बुद्धी नेमकी २०१८ मध्येच का झाली, हे मात्र आता सांगावयाच्या प्रकरणावरून ध्यानात येईल.

२०१६ च्या शरद ऋतूत आयफोन ६ एस वापरणाऱ्यांची एक विचित्र तक्रार कानांवर येऊ लागली. बॅटरी पुरती उतरलेली नसतानाही, पडद्यावर तीसचाळीस टक्के शिल्लक दिसत असतानाही, फोन एकाएकी बंद पडे. नोव्हेंबरात कंपनीने सांगितले की २०१५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत तयार झालेल्या काही थोड्या फोनांत हा दोष आहे, त्यांची बॅटरी फुकट बदलून देऊ. बॅटरीचे घटक जोडणीपूर्वी हवेच्या संपर्कात वाजवीपेक्षा अधिक काळ राहिले, हे कारणही पुढे देण्यात आले. परंतु तक्रारी त्या थोड्या फोनांपुरत्या नव्हत्या.

येथे बॅटरीचे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी नवी, नळ नवा, तेव्हा खाली चारही तोट्या एकदम सोडल्या तरी धार जोरात पडते. वर्षे लोटली की दोन गोष्टी घडतात. टाकीत तळाशी गाळ बसून तिची धारणाशक्ती घटते, ही एक. आणि नळ आतून गंजून अरुंद होतो, ही दुसरी. आता टाकीत अर्धे पाणी असूनही चारही तोट्या सोडताच धार मरते. लिथियम-आयन बॅटरीचे तसेच आहे. वापराने तिची साठवण घटते हे आपणा सर्वांना ठाऊक असते, कारण दिवसाकाठी दोनदा चार्जिंग करावे लागते. पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो, हे सहसा कोणी सांगत नाही. फोनच्या प्रोसेसरला एखादे अवजड काम क्षणार्धात उरकावयाचे असते तेव्हा तो एकदम मोठी धार मागतो. जीर्ण बॅटरीला ती देता येत नाही, विद्युत्‌दाब खाली येतो, आणि नाजूक भागांना इजा पोहोचू नये म्हणून फोन स्वतःला मिटून घेतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून थंड देशांत अशा तक्रारी हिवाळ्यात अधिक येतात. त्या काळच्या आयफोनची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ साठवणीच्या ८० टक्के उरावी अशा बेताने बनवली जाई. रोज एकदा पुरी भरून पुरी उतरवणाऱ्या माणसाची ५०० आवर्तने दीड वर्षाच्या आतच भरतात.

म्हणजे ॲपलपुढे प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तरे दोन होती. नळ बदलणे, किंवा चारही तोट्या एकदम सोडू न देणे. कंपनीने दुसरे उत्तर निवडले. २०१७ च्या जानेवारीत आयओएस १०.२.१ हे अपडेट आले. त्यात अशी योजना होती की बॅटरी जीर्ण झालेली आढळल्यास प्रोसेसरची कमाल गती खाली ओढावी, म्हणजे त्याची मागणीच कमी होईल आणि फोन बंद पडणार नाही. फेब्रुवारीत कंपनीने वृत्तपत्रांना सांगितले की ह्या अपडेटनंतर अवचित बंद पडण्याचे प्रमाण आयफोन ६ एसमध्ये ८० टक्क्यांहून अधिक आणि आयफोन ६ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक घटले आहे. ते कशाच्या मोबदल्यात घटले, हे मात्र सांगितले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयओएस ११.२ मधून ही योजना आयफोन ७ लाही लागू झाली.

श्रोतेहो, ज्याच्या हातात तो फोन होता त्याच्या बाजूने ह्या गोष्टीचा विचार करा. त्याला दिसले काय? अपडेट घेतले आणि फोन मंदावला. बॅटरीचा त्यात काही संबंध असेल अशी शंका यावी असे एकही चिन्ह त्याच्यापुढे नव्हते. पूर्वी फोन बंद पडे तेव्हा निदान ‘बॅटरी गेली’ असे म्हणून तो दुकानात गेला असता. आता फोन चालू राहतो, पण प्रत्येक कामाला रेंगाळतो. अशा स्थितीत शंभरातले नव्वद लोक एकच निष्कर्ष काढतात, की फोन म्हातारा झाला, नवा घेतला पाहिजे. ज्या दुखण्यावर बॅटरीची फेरपालट पुरेशी होती, त्यासाठी पन्नास-साठ हजारांचा नवा फोन घेतला गेला असेल, तर तो खर्च कोणाच्या मौनामुळे झाला?

मौन फुटले ते एका सामान्य वापरणाऱ्यामुळे. २०१७ च्या डिसेंबरात एकाने रेडिट ह्या चर्चास्थळावर लिहिले की माझा आयफोन ६ एस फार मंदावला होता; बॅटरी बदलली आणि तो पुन्हा पहिल्यासारखा धावू लागला. हे वाचून अनेकांनी आपापल्या फोनांची गती मोजली. गती मोजण्याचे गीकबेंच नावाचे साधन बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्ज ह्या संस्थेचे जॉन पूल यांच्यापाशी तर जगभरच्या फोनांच्या मापनांचा साठाच होता. त्यांनी तो प्रणालीच्या आवृत्तीनुसार वेगळा केला. आयओएस १०.२ असताना बहुतेक सर्व आयफोन ६ एसची गती एकाच आकड्याभोवती गोळा झालेली होती, १०.२.१ नंतर आलेखात खालच्या गतींचीही वेगळाली शिखरे उमटली. यंत्रे केवळ जुनी होत असती तर आकडे हळूहळू पसरले असते. ठरावीक पायऱ्यांवर ते गोळा होतात याचा अर्थ कोणीतरी पायऱ्या बांधल्या आहेत. हा आलेख १८ डिसेंबरला प्रसिद्ध झाला. दोन दिवसांनी, २० तारखेला, ॲपलने ती गोष्ट मान्य केली आणि २८ डिसेंबरला ग्राहकांची क्षमा मागणारे पत्र काढले.

एक आलेख आणि एका माणसाचा साधा प्रयोग ह्यांनी हे साधले. विज्ञानाच्या तासाला मुलांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो. निरीक्षण, शंका, मोजमाप, आणि मग प्रश्न. ह्या क्रमाने गेलेल्या माणसाला जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीलाही आठवड्याभरात उत्तर द्यावे लागले.

क्षमापत्राबरोबर बॅटरी बदलण्याचा दर उतरला. अमेरिकेत तो ७९ डॉलरांचा २९ झाला. भारतात करांशिवाय सुमारे ६,५०० रुपयांवरून सुमारे २,००० रुपयांवर आला. ही सवलत २०१८ च्या अखेरपर्यंत होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती टक्क्यांत दाखवणारी सोय करण्यात आली आणि गती खाली ओढणारी योजना ज्याला नको असेल त्याला ती बंद करता येऊ लागली. मग गंमत अशी झाली की २०१९ च्या २ जानेवारीस कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना भागधारकांना पत्र लिहावे लागले, की विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली आहे. त्यांनी दिलेल्या कारणांत चीनची मंदी हे मुख्य होते. पण स्वस्तात बॅटरी बदलून घेणाऱ्या ग्राहकांचाही त्यात उल्लेख होता. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने तो उल्लेख अवश्य ध्यानात घ्यावा.

पुढे दंड झाले. इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेने २०१८ च्या ऑक्टोबरात ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला, आणि सॅमसंगला पन्नास लाखांचा. सॅमसंगचे प्रकरण असे, की नव्या फोनांसाठी रचलेले अँड्रॉइड मार्शमेलो हे अपडेट गॅलक्सी नोट ४ ह्या २०१४ सालच्या फोनावर घेण्याचा आग्रह ग्राहकांना वारंवार करण्यात आला आणि त्यामुळे यंत्रावर पडणाऱ्या ताणाची कल्पना त्यांना दिली नाही, असे त्या संस्थेचे म्हणणे होते. सॅमसंगने ते नाकारले. फ्रान्समध्ये २०२० च्या फेब्रुवारीत ॲपलला अडीच कोटी युरो भरावे लागले. वस्तूचे आयुष्य मुद्दाम घटवणे हा फ्रान्समध्ये २०१५ पासून कायद्यानेच गुन्हा आहे. पण दंड झाला तो ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात त्याच वर्षी किमान ३१ कोटी आणि कमाल ५० कोटी डॉलरांची तडजोड झाली. त्यात कंपनीने दोष कबूल केला नाही. तडजोडीचे पैसे लोकांच्या हाती पडण्यास २०२४ चा जानेवारी उजाडला, आणि प्रत्येकी सुमारे ९२ डॉलर आले. तोवर ते फोन कधीच अडगळीत गेले होते.

आता माझे मत. गती खाली ओढून फोन चालू ठेवणे हा उपाय मला चुकीचा वाटत नाही. रात्री-अपरात्री रुग्णालयात फोन लावताना यंत्र एकाएकी मिटण्यापेक्षा ते सावकाश चाललेले पुष्कळ बरे. गणिताचा पेपर तपासताना आम्ही उत्तराला गुण देतो तसे पायऱ्यांनाही देतो, आणि येथे उत्तर बरोबर होते पण पायऱ्या झाकून ठेवलेल्या होत्या. ‘तुमची बॅटरी जीर्ण झाली आहे, म्हणून आम्ही गती कमी करीत आहोत, बॅटरी बदलल्यास ती परत मिळेल’ एवढी दोन वाक्ये पडद्यावर उमटवण्यास त्या कंपनीला काही कठीण नव्हते. ती उमटली नाहीत. विकत घेतलेल्या वस्तूत मालकाला न विचारता फेरफार करता येतो, ही सोय पूर्वीच्या कोणत्याही कारखानदाराला नव्हती. १९२४ च्या सुमारास विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनीव्हात संगनमत करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले होते. पण ज्याच्या घरी अगोदरचा दीर्घायुषी दिवा लागलेला होता, त्याच्या घरात शिरून तो मंद करणे त्यांनाही शक्य नव्हते.

आता ॲपे मिटण्याविषयी. त्यालाही पुष्कळदा सामाईक कारण असते. २०२१ च्या २३ मार्चला सकाळी भारतातील असंख्य अँड्रॉइड फोनांवर जीमेलसकट अनेक ॲपे उघडताच मिटू लागली. लोकांनी ॲपे काढून पुन्हा घातली, फोन बंद करून चालू केले, काहींनी तर सारा फोन कोरा करून टाकला. दोष त्या ॲपांत नव्हताच. ॲपच्या आत एखादे जालपृष्ठ दाखवावयाचे असते तेव्हा प्रत्येक ॲप स्वतःची खिडकी बांधत नाही. वेबव्ह्यू नावाचा प्रणालीचा सामाईक भाग उसना घेते. चाळीला जिना एकच असावा आणि तोच खचावा, तसे झाले. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम ह्यांची दुरुस्त आवृत्ती काढल्यावर ॲपे पुन्हा चालू लागली. ज्यांनी घाईने फोन कोरा केला त्यांची छायाचित्रे मात्र गेली ती गेली.

दुसरे उदाहरण आपणा हैदराबादकरांच्या जिव्हाळ्याचे आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत आयओएस ११.२.५ वापरणाऱ्यांच्या फोनांवर तेलुगू लिपीतील एक अक्षर आले की ते दाखवू पाहणारे ॲप तत्काळ मिटत असे. संदेशांचे ॲप, व्हॉट्सॲप आणि इतर अनेक ॲपांचे हेच होई. ते अक्षर सूचनेतून मुख्य पडद्यावर आले तर सारा पडदाच कोसळे. कोणते अक्षर? तर ‘ज्ञा’. ज्ञान ह्या शब्दातले पहिलेच अक्षर! ज, त्याला जोडलेला ञ, पुढे डोळ्यांना न दिसणारे, जोडणी रोखणारे एक चिन्ह आणि मग आकाराची मात्रा, अशी ती रचना होती. ती पडद्यावर मांडताना यंत्राचा हिशेब चुकत असे. खोडसाळ लोकांनी ते अक्षर मुद्दाम एकमेकांना धाडून पुष्कळांची तारांबळ उडवली. १९ फेब्रुवारीस ११.२.६ हे अपडेट येऊन तो दोष गेला.

आपल्या दुकानांच्या पाट्यांवर आपण ही लिपी रोज पाहतो. तेलुगू बोलणारे लोक आठ कोटींच्या घरात आहेत. एवढ्या लोकांच्या लिपीतील एक अक्षर जगभरच्या फोनांना आडवे पाडते आणि ते बाजारात येण्यापूर्वी कोणाच्या नजरेस पडत नाही, यावरून आपल्या भाषांची परीक्षा किती वरवर होते याचा अंदाज येतो. जोडाक्षरे आणि मात्रा ह्यांची गुंफण देवनागरीतही आहेच. इंग्रजीतील एखाद्या अक्षराने असा घोळ केला असता तर तो कारखान्याबाहेर पडला असता काय, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

मग अपडेट घेऊच नये काय? हा सल्ला घरोघर दिला जातो आणि तो मला धोक्याचा वाटतो. प्रत्येक अपडेटमध्ये नव्या सजावटीबरोबर जुन्या भगदाडांची लिंपणही असते. चोराला ठाऊक झालेली भगदाडे उघडी ठेवून त्याच फोनावरून बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. शिवाय ॲपे बनवणारेही जुन्या प्रणालींची साथ सोडतात. २०१७ च्या सप्टेंबरात आयओएस ११ आली तेव्हा जुन्या, ३२-बिट पद्धतीने बांधलेली ॲपे त्यावर उघडेनाशी झाली. उलट बाजूने पाहा: २०२५ च्या ५ मेपासून व्हॉट्सॲप १५.१ पूर्वीच्या आयओएसवर चालत नाही, म्हणून आपल्या गोष्टीतला आयफोन ६ व्हॉट्सॲपपुरता संपला. अपडेट घेतले तर फोन मंदावतो आणि न घेतले तर दारेच बंद होतात, अशी ही कोंडी आहे.

तिच्यातून वाट काढावयाची ती सबुरीने. मोठे अपडेट आले त्याच दिवशी घेऊ नये. २०१४ च्या २४ सप्टेंबरला आलेल्या आयओएस ८.०.१ ने नव्या आयफोन ६ चे नेटवर्कच घालवले होते. तासाभरातच ते मागे घ्यावे लागले आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती आली. आठवडाभर थांबणाऱ्याला ह्या गोष्टीचा पत्ताही लागला नाही. सुरक्षेची छोटी अपडेटे मात्र लांबवू नयेत. अपडेटपूर्वी छायाचित्रे व दूरध्वनी क्रमांक दुसरीकडे उतरवून ठेवावे, फोनमध्ये चार-पाच जीबी तरी जागा मोकळी करावी, आणि अपडेटनंतर दोन दिवस फोनाला त्याची मांडामांड करू द्यावी. त्यानंतरही तो रेंगाळत असेल आणि दोनतीन वर्षे वापरलेला असेल, तर नव्या फोनच्या जाहिराती पाहण्याआधी बॅटरीची प्रकृती तपासून घ्यावी. आयफोनमध्ये ती सेटिंगमध्येच दिसते. इतर अनेक फोनांत सेवाकेंद्रातील माणूस सांगू शकतो. ज्या घरात एकाच फोनावर मुलांचा अभ्यास, आजीची औषधे आणि बापाची मजुरी चालते, त्या घराला बॅटरीचा खर्च आणि नव्या फोनाचा खर्च ह्यांतले अंतर महिन्याच्या किराण्याएवढे, कधी त्याहून मोठे असते.

कायदाही हळूहळू जागा होत आहे. युरोपीय संघात २०२५ च्या २० जूनपासून बाजारात येणाऱ्या फोनांना नियम लागू झाले. विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे प्रणालीची अपडेटे द्यावयाची, सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीत ८० टक्के साठवण उरली पाहिजे. पूर्वीच्या ५०० शी हा आकडा ताडून पाहावा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. तेथे निरनिराळ्या कंपन्यांच्या दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र मिळते. युरोपातल्यासारखे वर्षांचे बंधन आपल्याकडे नाही. पण अपडेटनंतर फोन निकामी झाला आणि सेवाकेंद्राने ‘नवा घ्या’ एवढेच उत्तर दिले, तर ते उत्तर कागदावर लिहून मागावे, खरेदीची पावती काढावी, आणि १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हा क्रमांक त्याच मंदावलेल्या फोनावरूनही लागतो.